टूथपेस्ट किती आणि डग्गा केवढा

तीन माणसांच्या घराला सव्वीस महिन्यांत टूथपेस्ट किती लागते? सांगा बरं! पृथ्वीवर असा प्रश्न कुणाला पडत नाही. संपली की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची. मंगळावर कोपरे पुष्कळ, दुकान एकही नाही. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी येतात ते साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा. मालवाहू यान तेव्हाच निघतं. काही मागवायचं राहिलं, तर बसा बोंबलत.

यंदा मागणी पाठवायचं काम शाल्मलीच्या गळ्यात पडलं, कारण घरात बाकी कुणात त्राणच उरलं नव्हतं. धुळीचं वादळ संपता संपत नव्हतं. आई हरितगृहातून (छताखालच्या बंद शेतातून) परतली की बुटांसकट खुर्चीत कोसळायची. आजोबा निवृत्त संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांवरून अंदाज बांधणारे). ते म्हणायचे, "आता मला फक्त झोपेचा अंदाज बरोबर येतो."

शाल्मलीही कंटाळली होती, पण तिला एक गोष्ट मनापासून हवी होती. तिचा तबला तिच्याबरोबर आला होता आणि डग्गा मात्र वजनापायी पृथ्वीवर मामाकडे राहिला होता. तेव्हापासून ती एका हाताने नुसतं 'ना' वाजवत होती. 'धा'ला दोन्ही हात लागतात. टूथपेस्ट आणि हौसेच्या वस्तू मिळून घराला साडेचार किलोची परवानगी होती. डग्गा दोन किलोचा. म्हणजे पेस्ट अडीच किलोत बसवायला हवी.

तिने घरात विचारलं, "ब्रशवर पेस्ट किती घेता?"

"हरभऱ्याएवढी," आई म्हणाली. आजोबाही तेच म्हणाले.

हरभऱ्याएवढी पेस्ट भरली पाव ग्रॅम. (मंगळावर वस्तू हलकी लागते, पण इथले काटे त्या हिशेबानेच बनवलेले असतात.) तीन माणसं, दोन वेळा, म्हणजे दिवसाला दीड ग्रॅम. सव्वीस महिन्यांना सव्वा किलोसुद्धा नको! शाल्मली टुणकन उडाली.

"थांब," आजोबा डोळे न उघडताच म्हणाले. "आपण किती पेस्ट घेतो ते माणसं कधी खरं सांगत नाहीत. लबाडी नसते गं, त्यांना ठाऊकच नसतं. ट्यूबला विचार."

मग शाल्मलीने आठवडाभर ट्यूब रोज काट्यावर ठेवली. रोजची घट वेगवेगळी भरली, म्हणून तिने सरासरी काढली (सगळ्या घटींची बेरीज करून दिवसांनी भागलं). आली दिवसाला तीन ग्रॅम. कसला हरभरा, सगळ्यांचे चांगले चिंचोके होते! तरी एकूण हिशेब अडीच किलोच्या आतच बसत होता.

"आता ताळा कर," आजोबा म्हणाले. ताळा म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या वाटेने तपासून पाहणं. "मागचं यान येण्याआधीच्या सव्वीस महिन्यांना किती पेस्ट आली होती?"

तीन किलो आली होती आणि यान पोचेपर्यंत शेवटची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली होती. मग अर्ध्या किलोहून जास्त पेस्ट गेली कुठे?

उत्तर स्वतःच दार उघडून आत आलं. वस्तीची मालगाडी चालवणारे तांडेलकाका वादळात अडकले होते. शाल्मलीचं घर वस्तीच्या फाटकाजवळ, त्यामुळे वाटेत जो अडकेल तो त्यांच्याकडेच मुक्कामाला. काकांनी खिशातून ब्रश काढला आणि शेव पाडावी तशी त्यावर पेस्ट पाडली.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने आईला बाजूला ओढलं. "पाहुण्यांमुळे पेस्ट अडीच किलोत बसणार नाही!"

"हळू बोल," आई दमल्या आवाजात म्हणाली. "वादळात आलेल्या माणसाला पेस्ट नाही म्हणायचं का? पाहुण्यांची धर आणि तीन किलो लिही. माझ्यात वाद घालायची ताकद नाही, बाळा."

काका तोंड पुसत बाहेर आले.

"पोरी, तू मागणी लिहितेस ना? मला सांग, जास्तीच्या ट्यूबांचं काय करू? मी असतो सदा रस्त्यावर. घरी नुसता ढीग पडलाय."

शाल्मली त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही रोजची पेस्ट मागवता? इथे राहता त्या दिवसांचीसुद्धा?"

"मागवणारच की. दात काय घरी ठेवून येतो होय मी?"

"आजोबा!" ती ओरडली. "काकांची पेस्ट दोनदा मोजली जाते. त्यांच्या घरी एकदा आणि आपल्याकडे पाहुणे म्हणून परत एकदा!"

आजोबांनी आता डोळे उघडले. "मग काय करायचं?"

"प्रत्येक माणूस एकदाच मोजायचा, तो कुठेही झोपू दे. काकांकडच्या ट्यूबा फाटकाजवळच्या कपाटात ठेवायच्या. पाहुण्यांनी त्यातली घ्यायची. आणि प्रत्येक घराने राखीव (अंदाज चुकला तर हाताशी असावी म्हणून) एक छोटी ट्यूब त्यात टाकायची."

"असं एकेका घराने केलं, तर वस्तीचं किती वजन वाचेल गं!" आजोबा म्हणाले. कधी नव्हे ते ताठ बसले होते.

काका ओशाळून हसले. "वादळ निवळलं की आणून टाकतो सगळ्या."

शाल्मलीने मागणी लिहून आईपुढे धरली: राखीव ट्यूब धरून पेस्ट अडीच किलो, डग्गा दोन किलो. आई वाचता वाचता थांबली. "डग्गा? मला वाटलं, तू तबला सोडलास."

"एका हाताने कंटाळा येतो, आई."

आईने मागणी जवळ ओढली. "यान पोचायला सात महिने लागतील."

"माहीत आहे."

आईने मागणीखाली सही केली आणि डोळे मिटून घेतले. "डग्गा आला की मला उठव," ती म्हणाली. "कितीही दमून झोपले असले, तरी उठव."