गोविंदभाईंची मूठ

कोजागिरीला गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं. सानवी माझ्याशेजारीच बसली होती, पण आम्ही बोलत नव्हतो. बारावीला आम्हा दोघींचाही प्रॉडक्ट डिझाइन हा विषय. त्या दिवशी सुभाषसरांनी तिचं शाडूचं मॉडेल सगळ्या वर्गाला दाखवलं. माझं नुसतं हातात घेतलं आणि परत ठेवलं. शाडूवरचं ओलं फडकं काढून घेतलं, की रात्रीत तडे जातात. हा विचार दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नव्हता.

"काय गं, दोघींनी मौन धरलंय का?" पद्माकरकाकांनी विचारलं.

"काका, हिला माझं मॉडेल बघवत नाही!" सानवी हसत म्हणाली.

मी मान खाली घातली. काका पूर्वी आमच्याच शाळेत ग्रंथपाल होते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"आमच्या शेजारच्या विश्वासरावांच्या मुलीची, आभाची गोष्ट सांगतो. तीही तुमच्याच विषयाची. ऐकीव नाही. त्या रात्री किल्ली तिने माझ्याकडूनच नेली होती.

नव्याण्णव साल, नवरात्रातली आठम, म्हणजे अष्टमी. मी तेव्हा रावपुऱ्यात, शाळेच्या समोरच राहायचो, म्हणून शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. रात्री नऊच्या सुमाराला आभा चणिया-चोळी घालून दारात हजर. 'काका, वर्कशॉपमध्ये माझी स्टीलची पट्टी राहिलीय. घेऊन लगेच येते.' मी म्हटलं, 'गरबा काय मोजून खेळणार आहेस?' आणि किल्ली दिली.

पट्टीचं निमित्त होतं. त्या वर्षी सुभाषसरांनी सगळ्यांना एकच वस्तू दिली होती, सांडशी. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. आधी माणूस शोधायचा, त्याच्या मुठीत ओला शाडू द्यायचा, आणि त्या ठशावरून वस्तूची मूठ घडवायची. नीरा नावाच्या मुलीने कोपऱ्यावरचे चहावाले गोविंदभाई निवडले. पूर्वी सावली गावातल्या एका कारखान्यात त्यांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती. उकळतं पातेलं उतरवताना त्यांचा हात थरथरायचा. त्यांनी शाडूवर मूठ आवळून दिली, आणि थोड्याच दिवसांत काविळीने गेले. ठसा राहिला.

आभाची सांडशी सागवानी मुठीची. पॉलिश असं, की तोंड दिसावं. सर म्हणाले, 'सरस छे, बेटा. पण यात हात कुणाचा?' अहमदाबादच्या प्रदर्शनाला एकच सांडशी जाणार होती. दरवर्षी आभाचं काम जायचं. यंदा नीराचं जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ठशावर प्लास्टर ओतायचं होतं.

पुढचं मला तिनेच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी.

दिवा लावला नाही. रस्त्यावरचा उजेड खिडकीतून येत होता. तिने नीराच्या फळीवरचं ओलं फडकं उचललं. खाली शाडू. त्यावर अंगठ्यासकट तीन खळगे. आभाने त्यावर आपली मूठ ठेवली. पाचही बोटं. जोरात आवळली. हात काढला...

तीन खळगे.

पुन्हा आवळली. शाडू नखांत गेला. हात काढला...

तीनच.

बाहेरचा गरबा संपला. पुढचा सुरू व्हायचा होता. सगळं गप्प. तिने तिसऱ्यांदा मूठ आवळली...

आणि तिच्या मुठीवर... वरून... कुणीतरी मूठ आवळली."

सानवीने माझा दंड धरला.

"किती बोटं होती?" मी विचारलं.

काकांनी पातेल्यातलं दूध ढवळलं.

"ती किल्ली द्यायला आली," ते हळूच म्हणाले. "उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. मी विचारलं, मिळाली का पट्टी? तिने डाव्या हाताने किल्ली ठेवली आणि घराकडे वळली. गरब्यालाही गेली नाही.

सकाळी वर्कशॉप मीच उघडलं. नीराचा ठसा जसाच्या तसा. फडकं नुकतंच भिजवल्यासारखं ओलं. आभाची सांडशी तिच्या फळीवर होती. त्या सांडशीला आभाने त्या रात्री हातही लावला नव्हता. पण..."

"पण काय, काका?"

काकांनी पिशवीतून एक सांडशी काढली. "आभा ही घरात ठेवीना. मला देऊन टाकली. घ्या, दूध उतरवा."

सागवानी मूठ. अजून चकचकीत. कुठे पटाशीचा ओरखडा नाही, पॉलिश कुठे तुटलेलं नाही. आणि लाकडात खोल, गुळगुळीत... तीन खळगे.

सानवीने धरून पाहिली. "छे, बोटंच बसत नाहीत." तिने ती माझ्याकडे दिली.

माझी तीन बोटं आपोआप खळग्यांत गेली. उरलेल्या दोन बोटांना जागाच नव्हती. मी पातेलं उतरवलं. सांडशी खाली ठेवली.

सानवीचा हात स्वच्छ होता.

माझ्या तळहाताला शाडू लागला होता. ओला.