बिल्ल्यावरची चांदणी

आमच्या मिलमध्ये प्रत्येकाला पितळी बिल्ला असायचा. सकाळी आत शिरताना तो दारालगतच्या फळीवर आपापल्या खिळ्याला अडकवायचा. कायम कामगाराच्या आकड्यापुढे चांदणी ठोकलेली, बदलीवाल्याला नुसता आकडा. आईच्या वशिल्यानं मुलगी लागली, की आईच्या आकड्याला शेवटी एक जोडून तिला द्यायचे. माझी सासू मल्लव्वा, ४१ चांदणी. तिची एकुलती मुलगी, म्हणजे माझी बायको हेमावती, ४११. नात होईल तिचा ४१११, असं मल्लव्वा आधीच ठरवून बसली होती.

अठ्ठ्याहत्तर साली मिलनं कॉम्प्युटर आणला, हजेरीपट त्यात घातला. टायपिंग येतं म्हणून मला त्याच्यापुढे बसवलं. मुंबईच्या इंजिनिअरनं आकडे घालायचे, काढायचे आदेश द्यायला शिकवलं. आकड्यापुढे चांदणी टाईप केली, की त्या आकड्यानं सुरू होणारे सगळेच आकडे यंत्र धरतं. बिल्ल्यावरची चांदणीच म्हणायची असेल, तर तिच्याआधी तिरकी रेघ मारायची.

"संगप्पा, ही रेघ विसरू नका," असं तो दहादा म्हणाला. मला संताप आला. मी काय बालवाडीत होतो?

सराव म्हणून मी धोंडीराम बदलीवाल्याचा ९० काढला. तसाही कामचुकार होता तो. संध्याकाळी परत घालणार होतो, पण यंत्र तो आकडा घेईचना. दुसऱ्या दिवशी धोंडीराम आला नाही. खात्याच्या मुकादमाला, जॉबरला विचारलं, तर कोण धोंडीराम, म्हणाला. फळीवर ८९ नंतर ९१. मध्ये खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. त्याची बायको वच्छला गेटवर केळी विकायची. तिचा गळा मोकळा. नवरा कुठाय विचारलं, तर चाळिशीची बाई चक्क लाजली.

"माजं लगीनच झालं न्हाय की."

मी कुणापाशी बोललो नाही. खरं सांगतो, भीती वाटली त्याहून मजा जास्त वाटली.

लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. दोष माझाच, हे मल्लव्वा चहाच्या सुट्टीत साऱ्या खात्याला ऐकवायची. त्या सोमवारी ती माझ्या खिडकीशी उभी राहिली.

"जावईबापू, त्या यंत्रातनंच पोरगं काढताव का काय?"

पंधरा-वीस बायका हसल्या. हेमा हसली नाही. ती मागून पुढं आली, काहीतरी सांगायचं होतं तिला, पदराशी चाळा चालला होता. मी तिच्यावरच डाफरलो, घरी सांग म्हणून. ती गेली.

रागानं काढायचा आदेश दिला. ४१ टाईप केलं. चांदणी. बटण दाबलं.

बाहेरचं हसणं थांबलं.

मग रेघ आठवली.

फळीकडं धावलो. ४० नंतर ४२. खालच्या ओळीत हेमाचा खिळा नव्हता.

तसाच भवानी पेठेत घरी आलो. दोरीवर फक्त माझे कपडे. चुलीच्या जागी नुसता स्टोव्ह. शेजारच्या निंगव्वानं डोकावून विचारलं, आज लवकर आलात, आणि लग्नाचं मनावर कधी घेणार?

मी दार लावून रडलो. मल्लव्वासाठी नाही. हेमासाठी.

खिशात निघताना कोंबलेला यंत्राचा कागद होता. काढलेले आकडे ते नावासकट छापतं. खात्यात एक्केचाळीसनं सुरू होणाऱ्या दोघीच होत्या.

कागदावर ओळी तीन होत्या.

४१ चांदणी, मल्लव्वा.

४११, हेमावती.

४१११. नावाची जागा कोरी.