मागच्या सीटवरचं चाचपडणं

या, जरा जवळ सरका. मोबाईल हातात असला तरी चालेल, पण मन इकडं ठेवा.

आज जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. माझ्या अंगावरून गेलेलं आहे. महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

भुताची गोष्ट म्हटलं की तुम्हाला अमावस्या लागते, पिंपळ लागतो. माझ्याकडं यातलं काही नाही.

गेल्या वर्षीचा पौष महिना. सोमवार. बीड जिल्ह्यातलं आमचं दिंद्रुड गाव.

आणि दिवस अजून मावळलेलासुद्धा नव्हता...

मी प्रणिता. गावात आमचं किराणा दुकान आहे. नवरा वीरेश, सासू मल्लम्मा. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. सासरे ईश्वरप्पा माझं लग्न व्हायच्या आधीच गेले. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

पण आप्पांची आणि माझी एक आवड सारखी. शिवकीर्तन! कुठं कीर्तन आहे म्हटलं की माझा पाय घरात ठरत नाही. आप्पांचंही तसंच होतं म्हणे. त्यांची एक जुनी डिझेल गाडी होती. पुढून मोटार आणि मागून टेम्पो म्हणा ना. छत मागच्या दारापर्यंत सरळ गेलेलं, आत पेटी, मृदंग आणि टाळकऱ्यांसकट अख्खी मंडळी मावायची. नागय्या स्वामी कीर्तनकार आणि आप्पा ड्रायव्हर. स्वामींनी मागं अभंग धरला की आप्पा स्टेअरिंगवरून धृपद उचलायचे.

असंच कपिलधारहून कीर्तन करून मंडळी परत येत होती. पालीजवळ, बिंदुसरा धरणाच्या कडेला, आप्पांनी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला.

मागं भजन चालूच होतं. मंडळींना वाटलं, आप्पा लघवीला थांबले असतील.

बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं... धृपद उचलायला पुढून आवाजच येत नाही.

आप्पा बसल्या जागी गेले होते.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आम्हा लिंगायतांच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपलं आपलं इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. ते अंगावेगळं करायचं नसतं. माणूस गेला की त्याला बसवूनच माती देतात आणि त्याच्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. ज्याचं लिंग, त्याच्यासोबत.

आप्पांच्या गळ्यातली डबी त्या दिवशी सापडली नाही. दवाखान्यात शोधली, रस्त्यावर शोधली. शेवटी स्वामींनी दुसरं लिंग हातात देऊन माती दिली.

गाडी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली ती लागलीच. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. माणूस कुणी बसलं नाही.

माझे दोन गर्भ अर्ध्यातच पडले होते. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा बीडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हिसके अजिबात नकोत. तपासणीला याल तेव्हा आडव्या झोपून या." एसटीत आडवं कोण झोपू देणार? वीरेशला शेडमधली गाडी आठवली. मागची सीट आडवी केली की गादी टाकता येईल एवढी जागा.

अव्वांनी एकदाच विचारलं, "तीच गाडी कावून रे, दुसरी न्हाई का मिळत?"

"अव्वा, गाडीनं काय पाप केलंय?"

अव्वा आत निघून गेल्या.

आसाराम मिस्त्री आला. बॉनेट उघडून त्यानं कपाळावर हात मारला. "वीरेश, ही गाडी न्हाई बे, उंदराची धर्मशाळा हाय! वायरीचा चिवडा केलाय सगळा."

"मग तू चिवड्याची वायर कर. बोल कमी."

"बोलायचं पैसं न्हाई घेत म्या, ते फुकट हाय!"

पण मन लावून केलं पोरानं. डिझेलची टाकी उतरवून गंज धुतला. नोझल बदलले, पाइपातली हवा काढली, बॅटरी नवी टाकली. एका सकाळी चावी अर्धी फिरवून इंजिनाचा हिटर तापू दिला, आणि पुढं फिरवली.

गाडीनं खोकून काळा धूर सोडला. कोंबड्या पळाल्या. इंजिन धडधडायला लागलं.

"आप्पांनी वरून धक्का मारला!" आसाराम ओरडला. आम्ही सगळे हसलो.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

आणि आतून आवाज आला...

खस... खस...

रेक्झिनवरून कुणी तळहात फिरवावा तसा. मंद दिव्यात माणूस चष्मा शोधतो ना, तसा. थांबून थांबून. जागा बदलत.

"ऱ्हायलाय एखादा उंदीर," आसाराम म्हणाला. चारी दारं उघडली, पायपुसणी झटकली.

उंदीर नव्हता.

गाडी रोजची झाली. वीरेश दुकानाचा माल तिच्यातून आणायचा, मला बीडला न्यायचा. मी मागं आडवी. इंजिनाच्या आवाजात काही कळायचं नाही. पण वाटेत कुठं गाडी थांबली, इंजिन बंद झालं, की माझ्या पाठीखालून...

खस... खस...

मी वीरेशला सांगितलं. तो म्हणाला, "जुन्या गाडीच्या सीटा आवाज करतातच." तरीही त्यानं सगळ्या सीटांना नवं रेक्झिन बसवायचं ठरवलं, आणि आसारामनं आधी ड्रायव्हरची सीट खोलली.

सीट उचलली तशी आसारामची बडबड थांबली. खालच्या पत्र्याच्या खाचेत, मातीत माखलेली चांदीची डबी होती.

अव्वांनी ती ओळखली. पदरानं पुसत राहिल्या, रडत राहिल्या. आणि मग एकदम हसल्या. "परणिता, आप्पानं नातवासाठी धाडलंय बघ!"

आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या लेकरासाठी आईच्या गळ्यात आणखी एक लिंग बांधतात. जन्मल्यावर ते लेकराचं होतं. स्वामी नवं लिंग घेऊन येणारच होते. पण अव्वांनी हट्ट धरला, हेच बांधायचं. मलाही वाटलं, आजोबाचा आशीर्वाद आहे, नको कशाला म्हणू?

स्वामींना मात्र खरं सांगितलं नाही. "घरातलंच हाय, डबी उजळून घेतली," एवढंच अव्वा म्हणाल्या.

नागय्या स्वामींनी ते तळहातावर घेतलं. मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबले.

"लई जड लागतंय गं, मल्लम्मा..."

अव्वांनी दोरा पुढं केला. स्वामींनी लिंग माझ्या गळ्यात बांधलं.

आता तो सोमवार.

तपासणी करून आम्ही बीडहून निघालो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळ मजेत आहे. ऊन कलंडलं होतं. तेलगाव मागं पडलं. संध्याकाळी गावात नागय्या स्वामींचं कीर्तन होतं, म्हणून मी खुशीत होते. वाटेत उसाच्या ट्रॉल्या होत्या म्हणून वीरेश इंजिन बंद करून दोनदा थांबला. पण आज ते चाचपडणं नव्हतं. म्हटलं, गेलं एकदाचं.

मग इंजिनाचा आवाज बारीक झाला.

आणखी बारीक...

आणि नाहीसा झाला.

गाडी मात्र पळत होती. खिडकीतून झाडं मागं जात होती. समोर वीरेश काहीतरी बोलत होता, त्याची मान हलताना दिसत होती. शब्द ऐकू येत नव्हता. कान बसले म्हणावं, तर मला एक आवाज स्पष्ट येत होता...

श्वासाचा.

माझा नाही. मी तर श्वास धरला होता.

माझ्या पायांजवळची गादी दबली. कुणीतरी मांडी घालून बसावं, तशी.

खस...

शालीवरून तळहात फिरला. माझ्या पावलावरून. गुडघ्यावरून. घाई नाही, राग नाही. नुसता शोध.

मला ओरडायचं होतं. जमलं नाही.

हात पोटावर आला... आणि थांबला.

आतून बाळानं एक जोराची लाथ मारली. त्यानंतर बाळ हललं नाही.

हात वर सरकला. माझ्या गळ्यातली आप्पांची डबी आपोआप उचलली गेली. दोरा मानेला रुतला. डबी हवेत, माझ्या डोळ्यांपुढं... आणि आजूबाजूला कुणीच नाही.

मी "शिवा" म्हणून किंचाळले, तसा सगळा आवाज एकदम कानात कोसळला. वीरेशनं करकचून ब्रेक मारला.

"काय झालं गं?"

"बाळ हलत न्हाई..."

समोरच गाव दिसत होतं. त्यानं गाडी थेट अंगणात आणली. शेजारच्या गल्लीतल्या सिस्टर संगीताबाई पळत आल्या. त्यांनी पोटाला यंत्र लावलं. त्यांचा चेहराच सांगत होता. "ठोके लई मंद हायेत. आत्ताच्या आत्ता बीडला हलवा!"

अँब्युलन्सला फोन लावला. ती धारूरकडं गेलेली. गावात मला आडवं नेता येईल अशी गाडी एकच.

वीरेशनं चावी फिरवली. काही नाही. हिटर तापवून परत फिरवली. नुसती टिक्... टिक्... आसाराम आला, बॅटरी तपासली. "करंट हाय, डिझेल हाय. सगळं हाय बे! मग चालू कावून होईना?" बोलता बोलता तो रडकुंडीला आला.

मी ओट्यावर पोट धरून बसले होते. देवा, तिसऱ्यांदा नको. एवढंच म्हणत होते.

नागय्या स्वामी कीर्तनाच्या पोशाखातच देवळातून आले. अव्वांनी त्यांचे पाय धरले आणि डबी कुणाची, ते सांगून टाकलं.

स्वामी रागावले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "ज्याचं त्याला द्यायचं असतं, मल्लम्मा."

"समाधीवर नेऊन ठिवू का?"

"समाधीत त्याच्या हातात दुसरं हाय. अन् तो तिथं हाय कुठं?"

सगळ्यांची नजर गाडीकडं गेली.

आठव्या महिन्यात आणलेलं नवं लिंग आमच्या देव्हाऱ्यातच होतं, ते स्वामींनी माझ्या गळ्यात बांधलं. मग आप्पांचं काढून घेतलं. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकी, भिऊ नको. मंडळीतलाच माणूस हाय."

आणि एकटेच गाडीत बसले. मागं, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. आतून दार लावून घेतलं.

अभंग सुरू झाला. काय आवाज होता तो! काचा बंद असून अंगणभर पसरला. पहिलं कडवं झालं. स्वामी थांबले, कीर्तनकार धृपदासाठी थांबतो तसे.

आणि पुढच्या सीटवरून... धृपद आलं.

खर्जातला आवाज. जरा घोगरा.

अव्वांनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठले. "त्येच हायेत गं... त्येच..."

गाडीच्या पुढच्या काचेतून उन्हाची तिरीप आत पडली होती. स्टेअरिंगमागची सीट आम्हाला सगळ्यांना दिसत होती.

रिकामी.

कडवं, धृपद. कडवं, धृपद. शेवटच्या कडव्याला दोन्ही आवाज एकत्र लागले. आणि मधेच, शब्द अर्धा असताना, दोन्ही एकदम तुटले.

माझ्या पोटात बाळानं कूस बदलली.

दार उघडलं. स्वामी उतरले. त्यांचे हात रिकामे होते. त्यांनी वीरेशला बोटानं खूण केली: चालव.

हिटरसुद्धा तापवावा लागला नाही. अर्ध्या चावीत गाडी सुरू झाली.

त्याच सीटमागं आडवी पडून मी बीडला गेले. पूर्ण रस्ता मी वीरेशचा खांदा धरून ठेवला होता. काहीही झालं नाही. फक्त इंजिनाची धडधड. दिवे लागायच्या सुमारास ऑपरेशन झालं आणि माझी लेक रडली.

तिचं नाव रुद्राणी.

आता तुम्ही विचाराल, डबीचं काय झालं? आसारामनं सगळ्या सीटा खोलल्या. पत्रान् पत्रा तपासला. डबी नाही. चाचपडणंही पुन्हा ऐकू आलं नाही.

आणि स्वामी?

त्या दिवसापासून नागय्या स्वामींचा आवाज गेला. पार गेला, कुजबुजसुद्धा निघत नाही. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं घसा पाहिला. म्हणाले, घसा उत्तम आहे, काही दोष नाही. गाडीत काय दिसलं, काय बोलणं झालं, हे आम्ही हात जोडून विचारलं. स्वामी नुसती मान हलवतात आणि रुद्राणीला जवळ घेतात.

गाडी आजही रोज चालते. दुकानाचा माल येतो, लेकीला डोस द्यायला नेतो. मागच्या गादीवर ती गाढ झोपते. वीरेश म्हणतो, आप्पांचं आप्पांना मिळालं, संपलं.

मला तसं वाटत नाही. आप्पांचं त्यांना मिळालं, मग स्वामींचा आवाज का नेला? की स्वामींनीच दिला? आणि कशाच्या बदल्यात... हे माझ्या मनात येतं, तेव्हा मी लेकीच्या तोंडाकडं बघू शकत नाही.

गाडीत बसलं की माझ्या ओठांवर अभंग येतो. सवयच आहे. पण मी तो गिळते. चुकून एखादी ओळ निसटली, तर मी लगेच तोंडावर हात ठेवते. कारण ओळ संपल्यावर पुढून कुणी उचललं तर...?

स्वामी आता कीर्तनात श्रोत्यांत बसतात. सगळी मंडळी गाते, तेव्हा त्यांचे ओठ हलत असतात.

तुम्ही कुठंही कीर्तनाला बसलात आणि सगळ्यांनी मिळून धृपद उचललं, तर तेवढं स्वामींच्या वाटचंही जरा मोठ्यानं म्हणा. आणि म्हणताना आमच्या नागय्या स्वामींची आठवण ठेवा.