वाटीतली कवळी

हिंगोलीतल्या लॅबमध्ये दुपारचा शेवटचा पेशंट आला, तेव्हा प्रतिक्षा इतकी दमली होती की मान वर न करताच म्हणाली, "तोंड उघडा." समोर दोन तोंडं उघडली... हट्टा गावच्या किसनरावांचं आणि त्यांना घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाचं, विश्वंभरचं. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

किसनरावांच्या टाळूवरचे पांढरे चट्टे औषधानं जात आणि पुन्हा येत. तिनं नमुना काचेवर घेऊन विश्वंभरला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं.

"मला तर माझ्याच पापण्या दिसून राहिल्या," तो म्हणाला.

मग तिनं शेजारी उभं राहून त्याला चट्ट्यांतले गोल यीस्ट, म्हणजे बुरशीचे कण, दाखवले. त्यांच्या अंगावरची प्रथिनं यात दिसत नाहीत, पण त्यांच्याच जोरावर ते तोंडातल्या पेशींना धरून बसतात, नुसत्या चुळीनं हलत नाहीत. कवळीवरही तसंच ठाण मांडतात. रात्री कवळी काढता ना, असं तिनं विचारलं.

किसनराव कवळी कधी काढतच नव्हते. पोराला स्थळ घेऊन कोण कधी टपकेल, आणि बोळकं तोंड बघून परत गेलं तर? शेती करणारा म्हणून आधीच सगळे नाक मुरडत होते. विश्वंभरनं मान खाली घातली. प्रतिक्षाला दोघांबद्दल फार माया वाटली. चालून दाखव, नोकरी सोडशील का... तिलाही या बघण्याचा वीट आला होता.

चट्टे जाईपर्यंत कवळी लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. विश्वंभर मात्र रिपोर्टसाठी येतच राहिला.

"रिपोर्ट फोनवर मिळतो," ती म्हणाली.

"फोनवर तुमी न्हाई दिसत."

तो तिला आवडला होता, म्हणूनच पुन्हा त्या बघण्याची धास्ती वाटली. "मला बघायला कुणी यायचं नाही. थकलेय मी."

"मग तुमीच या की... आमाला पाहायला."

रविवारी ती न कळवता हट्ट्याला गेली. इथंही देखावाच दिसला, तर आल्या पावली परत फिरायचं ठरवून. किसनराव ओट्यावर बसले होते, कवळी शेजारच्या वाटीत. तिला बघताच त्यांचा हात वाटीकडे गेला — आणि थांबला.

"आमचं हे असं हाय, पोरी," ते बोळक्या तोंडानं हसले आणि सरकून बसले.

कुणी बस म्हणायची वाट न बघता ती बसली. तेवढ्यात शेतातून विश्वंभर आला, मातीचे हात मागे लपवत.

"संध्याकाळी मी दमूनच घरी येते," ती त्याला म्हणाली. "चालेल?"

"मी बी दमूनच येतो," तो म्हणाला. "बसू की दोघं."