चिंचआळीचा खराखुरा इतिहास

"अहो, थांबा! ते आमचं मागीलदार आहे, रस्ता नाही!"

दमयंतीने ओरडून सांगेपर्यंत छत्रीवाला दगडी गडगा ओलांडून अळवाच्या वाफ्यात उतरलाही होता. छत्री वर झाली आणि तिच्याखालून दोन गोंधळलेले डोळे दिसले... दमयंतीच्या हातातली पत्रीची परडी उगीचच कलंडली.

"माफ करा — मला म्हणाले, सरळ जा. पण इथे सरळ असं काहीच नाही!"

"सरळ म्हणजे आमच्या विहिरीवरून, मग शेजारच्या गोठ्यामागून. रत्नागिरीत नवीन दिसता."

नवीनच होता तो. जयवंत, कराडचा. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, जूनमध्ये कॉलेजात इतिहास शिकवायला आला, आणि आल्या आल्या चिंचआळीचा इतिहास त्याच्या गळ्यात पडला. आळीच्या गणपतीचं यंदा पन्नासावं वर्ष. आळीच्या इतिहासावर व्याख्यान ठेवायचं ठरलं, पण द्यायचं कुणी? आळीतल्या एकाला सांगावं, तर बाकीचे रुसून मांडवाकडे फिरकायचे नाहीत. तेव्हा माणूस बाहेरचाच बरा, असं एकमताने ठरलं. चिंचआळीत एकमत झालेली बहुधा ही एवढीच गोष्ट.

माहिती गोळा करायला जयवंत घरोघर गेला. दमयंतीचे वडील अप्पा कोर्टातून निवृत्त झालेले, आळीतले सगळ्यांत कडक गृहस्थ. त्यांनी आपल्या घराण्याची महती सांगितली आणि बाकीची आळी दाखवायचं काम मुलीवर सोपवलं. बिनधास्त सोपवलं, कारण मुलगा घाटावरचा. घाटावर मुलगी द्यायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. मागच्याच वर्षी सांगलीचं चांगलं स्थळ त्यांनी पोह्यांआधीच वाटेला लावलं होतं.

श्रावणभर दोघं आळीत हिंडली. कुणाचा माडीचा जिना, कुणाची विहीर, कुणाच्या दोन भावांनी भांडून घराच्या मधोमध घातलेली चिऱ्यांची भिंत. तो विचारायचा, ती सांगायची, आणि पाऊस आला की एकाच छत्रीत अंतर राखता राखता दोघंही भिजायची.

आळीच्या वळणावर, ऐन वाटेत, एक मोठा, काळाभोर काळवत्री दगड होता. सगळे त्याला वळसा घालून जात.

"हा इथे कसा?" जयवंतने विचारलं.

दमयंतीला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. पण तो असा डोळे लावून वाट बघत होता, की तिच्या तोंडून निघूनच गेलं —

"शंभर वर्षांपूर्वी घाटावरचा एक मुलगा इथे आला. त्याला आळीतली एक मुलगी आवडली. तिच्या वडिलांनी चक्क नाही म्हणून सांगितलं, तर हा पठ्ठ्या या दगडावर बसूनच राहिला! पाऊस नाही बघितला, काही नाही... शेवटी दिली मुलगी. तेव्हापासून दगड कुणी हलवत नाही."

"आणि मुलीला आवडला होता तो?"

"मला काय विचारता!" ती म्हणाली आणि भराभर पुढे निघाली. तिचे कान तापले होते.

व्याख्यानाच्या संध्याकाळी आरतीला उभी असताना तिच्या एकदम लक्षात आलं. हा ती गोष्ट सांगणार! सगळ्या आळीसमोर! ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, पण तोवर जयवंत हार घालून माईकपुढे उभा होता.

आणि त्याने ती सांगितलीच. अगदी रंगवून.

दमयंतीने डोळे मिटून घेतले. आता हसतील. मास्तराला पोरीने बनवलं म्हणून आळी वर्षभर हसेल, आणि हा पुन्हा आपल्या पडवीत पाऊल ठेवणार नाही...

"अगदी खरं हो!" शेजारच्या मथुराकाकू उठल्या. "त्या मुलाला पेज आमच्या घरून जायची!"

"छट्! पेज आमच्याकडून जायची," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"नि पावसात डोक्यावर इरला? इरला माज्या आज्यान नेवन दिलान त्याला!" मागून आळीतला भागोजी गरजला.

मग अप्पा उभे राहिले.

"पेज कुणाची ते मरू दे. मुलगी कुणाची होती? आमची! माझ्या पणजोबांनी दिली. आमच्या घरात मुलगा बघून मुलगी देतात, गाव बघून नव्हे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दमयंती बघतच राहिली.

मांडवामागे ती वाटल्या डाळीचं पातेलं उचलायला गेली, तर जयवंत तिथेच उभा.

"सर, ती गोष्ट... मी रचली होती हो."

"माहीत आहे. बाकीच्या घरांचं तुम्ही माझ्याकडे बघून सांगायचात. तेवढी एक दगडाकडे बघून सांगितलीत."

"मग चारचौघांत बोललात कशाला? हसले असते म्हणजे?"

"अप्पांना थेट विचारायचा धीर होईना. म्हटलं, घाटावरच्या मुलाचं आळी काय करते, ते आधी ऐकावं..." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता, दमयंती. फार आवडता. अप्पांशी बोलू का — उद्या?"

तिचं काळीज असं धडधडत होतं, की मांडवातला लाऊडस्पीकरही तिला ऐकू येईना.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच! माणसं पांगायच्या आत. सगळ्यांच्या देखत बोललेत ते, आता मागे फिरता यायचं नाही त्यांना!"

आणि पातेलं तिथेच टाकून, त्याचा हात घट्ट धरून, ती त्याला मांडवाकडे ओढत निघाली.