आतून धरलेलं बॉनेट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाची मनधरणी करणार नाही. पण हे माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

आणखी एक. असलं काही रात्रीच होतं, असं सगळे धरून चालतात. हे भर दुपारी झालं. लख्ख उन्हात, एका बंद पडलेल्या धावपट्टीवर, जिथे गॅरेजवाले गाड्यांची ट्रायल घेतात.

दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, डेंटिंगचं काम करतो. चेपलेला पत्रा सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो. वहिनी त्याच गॅरेजमध्ये ट्रायल घेते. दुरुस्त झालेली गाडी जोरात पळवायची, कुठे खडखड होते का ते ऐकायचं, मगच गिऱ्हाईकाला द्यायची. तिचा हात इतका स्थिर की तिला सगळे 'पायलट' म्हणतात. दादाला 'पायलटचा नवरा' म्हणतात, ते त्याला अजिबात आवडत नाही.

त्या गॅरेजमध्ये एक नियम आहे. जो गाडी पळवणार, त्याने बॉनेट स्वतःच्या हाताने ओढून बघायचं. फटीत बोटं घालून वर हिसका द्यायचा. दुसऱ्या कुणी 'लागलंय' म्हटलेलं चालत नाही.

स्पोर्ट्स कारचं बॉनेट चपटं आणि हलकं असतं. वेगात त्याच्याखाली वारा शिरला की ते उलटून सरळ काचेवर येतं. मग समोरचं काही दिसत नाही. म्हणून त्याला एक मुख्य खटका असतो, आणि तो सुटलाच तर धरून ठेवायला एक हूक.

दोन्ही एकदम सुटले तर...

तर काय, संपलं.

एका हौशी दातांच्या डॉक्टरची पिवळी स्पोर्ट्स कार आली. पुढून चेपलेली. नवीन बॉनेट यायला कित्येक महिने लागणार होते आणि डॉक्टरला दम निघत नव्हता. दादा भंगारात गेला. तिथे त्याच कंपनीची, त्याच बनावटीची एक गाडी पडली होती. पुढची काच नव्हती, छत दबलेलं होतं. पण बॉनेट मात्र जागेवर, जरासं वाकलेलं.

भंगारवाला म्हणाला, "दुसरं काहीही ने. हे नको. हे पळत्या गाडीत उडून काचेतून आत आलं होतं. चालवणारा जागच्या जागी गेला."

दादा हसला. कोण मेलं ते पत्र्याला काय ठाऊक, म्हणाला. बॉनेट आणलं, हुकासकट. कुठून आणलं ते वहिनीला सांगितलं नाही.

त्या बॉनेटला दोन फुगवटे होते. शेजारी शेजारी, तळहाताएवढे. खालून कुणीतरी दोन्ही हातांनी जीव तोडून ढकलल्यासारखे.

दादाने ते ठोकून सपाट केले.

दुसऱ्या दिवशी आला, तर... फुगवटे परत आलेले.

पत्रा हट्टी असतो, असं त्याने मनाला समजावलं. पुन्हा ठोकले. हातोडी थांबली, तरी पत्र्याच्या खालच्या बाजूने आवाज येत राहिला.

टक्... टक्...

त्याने वाकून पाहिलं. खाली कुणीच नव्हतं.

इथे शहाण्या माणसाने कानाला खडा लावला असता. पण दादाला हरणं माहीत नाही. त्याने फुगवटे खोलवर ठोकले, वरून पुट्टी भरली, पिवळा रंग मारला आणि तोंडाला कुलूप लावलं. या माणसाचा मला आजही राग येतो.

ट्रायलच्या दुपारी वहिनीने नियमाप्रमाणे फटीत बोटं घातली. वर हिसका दिला.

बॉनेट हललं नाही.

पण आतून... कुणीतरी खाली ओढलं.

तिने हात मागे घेतला. पुन्हा हिसका दिला. पुन्हा तसंच. ती वर ओढायची, आतून खाली खेच बसायची. तिने दादाला विचारलं, खटका फार कडक बसवलाय का. दादाने मान वर न करता 'हो' म्हटलं.

नवऱ्याच्या शब्दावर ती गाडीत बसली.

धावपट्टी रिकामी होती. दादा एका टोकाला उभा होता. वहिनीने वेग वाढवला. गाडी छान पळत होती. खडखड नाही, थरथर नाही.

मग वाऱ्याचा आवाज बंद झाला.

इंजिन चालू, काटा वर चढतोय, आणि वारा मात्र... नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं. त्या शांततेत समोरून आवाज आला.

टक्... टक्...

पुढच्याच क्षणी बॉनेट उघडलं. धडकन काचेवर येऊन आदळलं. काचेला तडे गेले आणि गाडीत अंधार झाला.

दुसरं कुणी असतं तर गर्भगळीत झालं असतं. वहिनीला शिकवलेलं आठवलं. अशा वेळी बॉनेटच्या बुडाशी, बिजागरीजवळ, एक बारीक फट राहते. खाली वाकून त्या फटीतून बघायचं आणि हळूहळू ब्रेक दाबायचा. ती वाकली. फटीतून धावपट्टीचा पांढरा पट्टा दिसला. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फटीत बोटं आली.

बाहेरच्या बाजूने... एकेक करून. आधी एका हाताची, मग दुसऱ्या हाताची. राखाडी, नखं तुटलेली. बोटांना घाई नव्हती. एकमेकांना चिकटत ती सरकत गेली आणि फट पूर्ण बुजली.

मला दिसलं नाही, तर तुलाही दिसू देणार नाही. ती म्हणते, कुणी बोललं नाही, पण तिला ते स्पष्ट कळलं.

तिने आंधळेपणाने ब्रेक दाबला. गाडी गरगर फिरली आणि गवतात जाऊन थांबली. दादा धावत येईपर्यंत बॉनेट आपोआप खाली बसलं होतं. खटका लागलेला. हूक अडकलेला. काहीच तुटलेलं नव्हतं, फक्त काचेला तडे होते. आणि पिवळ्या रंगातून पुट्टीच्या खपल्या उडून दोन फुगवटे वर आले होते.

वहिनीने ते पाहिले, मग दादाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"



त्याच दिवशी त्याने बॉनेट उतरवलं, कटरने त्याचे तुकडे केले आणि भंगारात दिले. डॉक्टरला नव्या बॉनेटची वाट बघायला लावली. घरी वहिनीने एकच प्रश्न विचारला. सगळं दिलंस? तो म्हणाला, सगळं. पुढे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. तरी घर चालू होतं. मुलगी शाळेत जात होती. तिला त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून वहिनीच सोडायची.

एका सकाळी मुलगी मागच्या सीटवर बसली होती, पट्टा लावून. दप्तर मांडीवर. वहिनीने सवयीने बॉनेटच्या फटीत बोटं घातली. वर हिसका दिला.

आतून... कुणीतरी खाली ओढलं.

"आई, चल ना. उशीर होतोय."

वहिनीने दार उघडलं, पट्टा सोडला, लेकीला कडेवर उचललं आणि शाळेपर्यंत चालत गेली. एवढी मोठी मुलगी कडेवर, रस्त्यातले लोक बघत होते.

संध्याकाळी दादाने कबूल केलं. त्या बॉनेटचा हूक चांगला होता. घरच्या गाडीचा झिजला होता. थोडं घासून काल बसवून टाकला. डेंटिंगवाल्याला चांगली वस्तू फेकवत नाही, एवढंच.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

आता तो हूक काढायचा तर बॉनेट उघडायला हवं. दादाने पहार लावून पाहिली. गॅरेजचे चौघे आणले. ते उघडत नाही. तुम्ही जितकं वर ओढाल, तितकंच आतून खाली ओढलं जातं.

ती गाडी अजून घरासमोर उभी आहे. वहिनीने किल्ली नदीत टाकली आणि स्वतःच्या हाताने चारही चाकांतली हवा काढली. मुलीला त्या बाजूला खेळायला बंदी आहे.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जाताना सहज टायरवर पाय मारला.

टणक लागला.

मी बाकीचे तिन्ही तपासले. सगळ्यांत हवा गच्च भरलेली. दादा लेकीची शपथ घेऊन सांगतो, त्याने भरली नाही. या एका बाबतीत मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

वहिनी दारातच उभी होती. गाडीचं तोंड आधी भिंतीकडे होतं, एवढंच ती म्हणाली.

मी पाहिलं. आता ते रस्त्याकडे होतं.