आपला पाळणा तयार हाय

त्या झोक्यात मी बसायला नको होतं, हे मला बसल्या बसल्याच कळलं. पण माझी भाची साक्षी हट्टाला पेटली होती – मावशी, तू पण बस. महाडच्या बागेतला लहान मुलांचा झोका तो, पुढे आडवी सळई लावलेला. बसले खरी, पण उठता येईना. बाग संध्याकाळची भरलेली, घसरगुंडीपाशी रांग, आणि बालवर्गाच्या दीप्ती टीचर झोक्यात अडकलेल्या. माझ्याच वर्गातल्या दोघांनी धावत जाऊन आपापल्या आयांना बोलावून आणलं.

बागेच्या फाटकाचं वेल्डिंग करायला त्या दिवशी बिरवाडीहून एक जण आला होता. गर्दी बघून तो आला, माझ्या आणि सळईच्या मध्ये जाड फडकं घातलं आणि हॅकसॉ काढला.

"हलू नका, मॅडम. हसलात तरी चालंल, पण हलू नका."

मी हसले. तोही हसला, पण खाली मान घालून. कपाळावर फाटकाच्या तांबड्या रंगाचा उडालेला ठिपका, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग... इतक्या जवळून मी कुणा तरुणाकडे कधी पाहिलंच नव्हतं. पाहायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणा.

सळई कापली, मी सुटले, पण झोका गेला. मुलं रोज येऊन त्या रिकाम्या साखळ्यांकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मी त्याला गाठून नवा झोका करून द्याल का, असं विचारलं. बागेच्या माणसांशी तोच बोलला. काम त्याच्याकडे आलं आणि रोज संध्याकाळी साक्षीला घेऊन बागेत जायला मला कारण मिळालं.

त्याचं नाव बुद्धरत्न. बिरवाडीत भाड्याची खोली, शेजारीच छोटं वर्कशॉप. तो झोक्याला पाळणाच म्हणायचा, त्यांच्या गावी तसंच म्हणतात. बैठक किती रुंद, टेकायला पाठ हवी की नको, रंग कुठला – सगळं मला विचारायचा.

"मापाला तुम्हीच बसून बघा ना," एकदा म्हणाला.

"परत अडकले तर?"

"मी हाय की."

एवढंच. पण त्या रात्री मी जेवताना दोनदा मीठ मागितलं म्हणे.

'मॅडम'चं 'दीप्ती' कधी झालं ते आठवत नाही. 'दीप्ती'चं 'गो', म्हणजे आपलं 'अगं', झालं ते मात्र आठवतं. साक्षीचा बूट शोधत होतो, आणि तो सहज म्हणाला, "अगो, तुझ्या पायाशीच हाय." म्हणाला आणि थबकला. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं आणि घरापर्यंत तेवढाच एक शब्द घेऊन गेले.

त्यापुढे मात्र गाडी सरकेना. पनवेलचे पाहुणे रविवारी मला बघायला येणार होते. मुलगा चांगला होता, आईला पसंत होता. मी हे बुद्धरत्नला सांगितलं, कारण तो काहीतरी बोलेल अशी मला आशा होती. तो साखळीची कडी घासत राहिला. मग म्हणाला, "चांगलं हाय." मला इतका राग आला की दोन दिवस मी बागेत फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी मी भाकरीचं पीठ मळत होते. शेजारच्या बनुबाई आईशी गप्पा मारत बसल्या होत्या. माझा फोन वाजला. माझे हात पिठाचे, म्हणून बनुबाईंनी उचलला आणि स्पीकर लावला. कुणी हॅलो म्हणायच्या आत तो बोलूनही गेला.

"अगो, आपला पाळणा तयार हाय. घरी काय बोलू नको अजून. एकदमच दाखवू."

बनुबाईंनी फोन पाटावर असा ठेवला, जसं गरम भांडं ठेवतात. आईने गॅस बंद केला. मी सांगत सुटले – पाळणा म्हणजे झोका, बागेतला झोका, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. जितकं सांगावं तितकं खोटं वाटत होतं. आईने चपला घातल्या आणि मला पुढे व्हायला सांगितलं. बनुबाई न बोलावताच आल्या.

बागेत तो होता. निळा, कोरा झोका साखळ्यांना लटकत होता आणि मुलं भोवती उड्या मारत होती. त्याने आम्हाला पाहिलं, हात पुसले, "जयभीम, आई," म्हणाला. बनुबाईंनी झोक्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि फोनवर काय ऐकू आलं ते सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"पाळण्याचं कळलं," आई म्हणाली. "पण ते 'गो' कुणाला होतं?"

तो माझ्याकडे बघेना. "आमच्याकडं सगळ्याच बायांना म्हणतात, आई. त्याच्यात काय नाय. तुमच्या पोरीचं नाव खराब होईल असं मी काय करणार नाय."

आईचा चेहरा निवळला. बनुबाई हसल्या. सगळं निस्तरलं होतं, माझं नाव स्वच्छ धुऊन माझ्या हातात परत आलं होतं. आता गप्प बसायचं, घरी जायचं आणि रविवारी पोहे करायचे. मी गप्प बसले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं – माझं सोडून. आणि तो हे माझ्यासाठी करतोय हे कळत असल्यामुळेच मला रडू यायला लागलं.

"आई, ह्याच्या वर्कशॉपमागे राहणाऱ्या काकूंचा फोन आला की हा त्यांना 'ताई' म्हणतो," मी म्हणाले. "बागेतल्या झाडूवाल्या बाईंना 'मावशी'. सगळ्यांना नाही म्हणत. मला एकटीलाच म्हणतो."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"खरं का?" आईने त्याला विचारलं.

त्याने आईकडे बघितलं. "खरं हाय."

मुलं झोक्यासाठी भांडत होती. आई जवळच्या बाकावर बसली. तिने पदर सावरला, बाजूला सरकून त्याला बसायला जागा केली आणि विचारलं,

"गाव कुठलं तुमचं? घरी कोण कोण असतं?"